पान पंचवीस ते अठ्ठावीस

तिला घरात सगळे मुंगी म्हणत. लहानपणी ती सतत काहीतरी ओढून न्यायची, कधी वाटी, कधी चप्पल, कधी आजोबांच्या दुकानातली कागदाची कात्रणं, म्हणून ते नाव पडलं. पुढे ती दहावीत गेली, आईच्या खांद्याला लागली, तरी ते सुटलं नाही. मुंगी हुशार होती, असं सगळे म्हणत. खरं म्हणजे तिला गुण चांगले पडत. हुशारी आणि गुण यांत फरक असतो हे तिला ज्या वर्षी कळलं, त्या वर्षाची ही हकीकत.

तिचे आजोबा पुस्तकबांधणीचं काम करत. रस्त्याला लागून एक लांबट खोली होती. पुढच्या भागात कागद कापायचं लोखंडी यंत्र, मधे एक मोठं टेबल, मागे भिंतीला कापडाचे तागे आणि पुठ्ठ्यांची थप्पी. खोलीत कागद चिकटवायच्या खळीचा वास कायम असे. आत्या, म्हणजे तिच्या वडिलांची मोठी बहीण, टेबलाच्या एका टोकाला बसून शिलाई करी. आजोबा दुसऱ्या टोकाला उभे राहून बाकी सगळं करत. आईवडील दोघंही दिवसभर कामावर असत, त्यामुळे शाळा सुटली की मुंगी थेट दुकानात यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची आणि मधूनमधून हात रिकामा असेल तर पानं मोजून द्यायची.

आजोबांचा एक नियम होता. बांधायला आलेलं ते कधी वाचत नसत. "वाचत बसलो तर बांधू कधी?" असं म्हणत. ते फक्त पानांचे आकडे बघत. पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक पान उलटं लागलं नव्हतं, आणि याचा त्यांना थोडा गर्वही होता. तो ते लपवत नसत.

त्या वर्षी शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंनी निबंधाची स्पर्धा ठेवली. विषय होता, मी का शिकते, मला प्रेरणा कोणाची आणि पुढे मी काय होणार. निवडलेल्या बारा निबंधांचं पुस्तक निघणार होतं.

मुंगी तीन दिवस कोऱ्या कागदासमोर बसली. मी का शिकते? तिने खूप विचार केला तेव्हा एकच उत्तर सापडलं की पहिला नंबर आला की बरं वाटतं. हे काही लिहिण्यासारखं नव्हतं. प्रेरणा कोणाची? कोणाचीच नाही. पुढे काय होणार? घरी पाहुणे आले की आई सांगायची, "आमची डॉक्टर होणार," आणि मुंगी हसायची. त्यापलीकडे तिने त्याचा विचार केलेला नव्हता.

भाषेच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की निबंध मनाला भिडला पाहिजे. मुंगीने आधीच्या वर्षांचे बक्षिसाचे निबंध ग्रंथालयातून काढून वाचले. ती अभ्यास असाच करायची, आधी जुन्या प्रश्नपत्रिका बघायच्या, मग पुस्तक. तिच्या लक्षात आलं की प्रत्येक निबंधात कोणीतरी मेलेलं आहे. कोणाची आई, कोणाचा भाऊ, एका मुलाचा तर कुत्रा. म्हणजे निबंधात मरण हवं. आता मारायचं कोणाला? आईला मारायला हात धजला नाही. वडिलांना नाही, आत्याला नाही. आजोबा सगळ्यांत म्हातारे होते. त्यांच्यावर अन्याय त्यातल्या त्यात कमी होईल, असा हिशेब तिने केला आणि त्यांना मारलं.

तिने लिहिलं की एका खेड्यात तिचे आजोबा तीन दिवस तापाने फणफणले, डॉक्टर कोसभर दूर होता आणि तो आलाच नाही. शेवटच्या क्षणी आजोबांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, बाळ, तू डॉक्टर हो. तेव्हापासून पुस्तक उघडलं की तिला त्यांचा हात आठवतो. लिहिताना मुंगीच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. तिने ते निबंध चांगला होत असल्याची खूण मानलं.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. भाषेच्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज दाटून आला. त्यांनी कागद मिटला, चष्मा काढून पुसला आणि उरलेला निबंध न वाचताच मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने तिला खिडकीकडची जागा दिली. त्या मैत्रिणीला दुसरं बक्षीस मिळालं होतं. तिने आपल्या भित्रेपणावर लिहिलं होतं, त्यात कोणी मेलं नव्हतं. त्या आठवड्यात सगळे मुंगीशी हळू आवाजात बोलत होते. एकदा गृहपाठ राहिला तर बाई म्हणाल्या, असू दे. मुंगीला आधी अवघडल्यासारखं झालं, मग सवय झाली, आणि मग, हे तिने पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही, तिला ते आवडायला लागलं. कोणी जास्त मऊ बोललं की ती मान थोडी खाली घालायची.

घरी तिने फक्त बक्षीस सांगितलं. निबंध दाखव म्हटल्यावर म्हणाली, शाळेने ठेवून घेतलाय, पुस्तकात येईल. कशावर लिहिलंस, तर म्हणाली, शिक्षणावर. आजोबांनी तिला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती बातमी सांगितली. एक गृहस्थ नुसता पत्ता विचारायला आले होते, त्यांनाही सांगितली.

सोमवारी मुंगी दुकानात शिरली तर टेबलावर शाळेचं गाठोडं होतं. शाळेच्या ग्रंथालयाची कामं वर्षानुवर्षं आजोबांकडेच येत. शिपाई आणून द्यायचा आणि घेऊन जायचा, आजोबा स्वतः कधी शाळेत जात नसत. हे तिला माहीत होतं. पण हे पुस्तकही इथेच येईल असं तिच्या मनात आलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं तिने सगळ्या शाळेचा विचार केला आणि टेबलाचा केला नाही.

"चाळीस प्रती," आजोबा म्हणाले. "कापडी बांधणी करतोय. शाळेने साधी सांगितलीय, पण मी कापडी करणार."

त्यांनी गाठोडं सोडलं. प्रत्येक निबंध एका दुमडलेल्या कागदावर छापला होता, म्हणजे चार चार पानं. बारा निबंधांच्या बारा थप्प्या, प्रत्येकीत चाळीस कागद. अनुक्रमणिकेत सातव्या ओळीत मुंगीचं नाव होतं. आजोबांनी त्या नावावरून बोट फिरवलं. आत्या म्हणाली, वाचा की मग, नातीचा आहे. आजोबा म्हणाले, नाही, नियम म्हणजे नियम. पुस्तक बांधून होऊ दे, मग खुर्चीवर बसून, चष्मा लावून, माणसासारखा वाचतो.

त्या दिवशी मुंगीने अभ्यास केला नाही, नुसतं वहीकडे बघत बसली.

मंगळवारी दुपारी आजोबा कापड आणायला गेले आणि आत्या जेवायला घरी. दुकानात मुंगी एकटी होती. तिने सातवी थप्पी उचलली, दप्तरात घातली आणि बाकीच्या थप्प्या थोड्या थोड्या सरकवून मधली फट भरून काढली. हे सगळं करायला एक मिनिटही लागलं नाही. घरी जाऊन तिने ती थप्पी आपल्या गादीखाली सारली. पुढचा विचार केला नव्हता. पान सापडलं नाही तर ते वगळून पुस्तक बांधलं जाईल, असं काहीतरी तिच्या मनात होतं. आपल्या आजोबांना ती इतकी वर्षं बघत होती, आणि तरी तिला असं वाटलं.

बुधवारी आजोबांनी पानं जुळवायला घेतली. चोवीसनंतर एकोणतीस आलं. ते थांबले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग दुसरी प्रत, मग तिसरी.

"मुंगे," ते म्हणाले, "तुझीच पानं नाहीत ग."

मग शोधाशोध सुरू झाली. टेबल ओढलं, यंत्राखाली बॅटरी मारून बघितलं, कात्रणांची पोती उलटी केली. आत्याने कापडाचे तागे उलगडले. मुंगीही शोधत होती. ती गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात घालत होती आणि जे तिथे नाही हे तिला पक्कं माहीत होतं ते चाचपडत होती. तिच्या पुढ्यात आजोबा वाकले, त्यांचा एक गुडघा कटकन वाजला, आणि तिने पटकन दुसरीकडे बघितलं.

शिपायाकडून कमी आली असतील, असं आत्या म्हणाली. आजोबांनी मान हलवली. सोमवारी त्यांनी स्वतः मोजली होती, बारा थप्प्या, चाळीस चाळीस. वहीत तशी नोंदही होती. आली होती ती बरोबर आली होती. हरवली ती इथे.

गुरुवारीही तेच. दुपारी आत्याने मुंगीला बाहेर पायरीवर नेऊन हळूच सांगितलं की तिला दादांची, म्हणजे आजोबांची, काळजी वाटतेय. गेल्या महिन्यात त्यांनी खळ गॅसवर ठेवली आणि विसरले. परवा तिला हाक मारताना मधेच थांबले, नाव आठवेना. "आणि आता हे. विसराळूपणा असाच सुरू होतो म्हणे. मी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्यांना आत्ताच सांगू नकोस." मग म्हणाली, दुकान किती दिवस चालवायचं हेही एकदा बसून ठरवायला हवं.

त्याच वेळी मुंगीला सांगता आलं असतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण आत्या पदराने डोळे पुसत होती आणि मुंगीला वाटलं, आत्ता नको, थोडं थांबून. मुंगीला मुताचा पूर म्हणतात तो हाच असं तिला वाटत होतं. पण पूर आता तिच्या एकटीच्या बिळात राहिला नव्हता.

आत गेल्यावर आजोबांनी तिला बोलावलं. ते खुर्चीवर बसले होते. कामाच्या वेळी ते कधी बसत नसत.

"माझ्या हातून नेमकी तुझीच पानं गेली," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाची गेली असती तर इतकं वाटलं नसतं. रागावू नकोस माझ्यावर."

मुंगी म्हणाली, नाही रागावले. एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी, दुसरा तास चालू असताना, शिपाई वर्गाच्या दारात आला आणि मुंगीला मोठ्या बाईंनी बोलावलंय म्हणून सांगून गेला. ती जिना उतरून गेली. मोठ्या बाईंच्या खोलीत भाषेच्या बाई उभ्या होत्या. आणि खुर्चीच्या अगदी कडेवर, इस्त्रीचा सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून आजोबा बसले होते.

झालं असं होतं की आजोबा आपली चूक कबूल करायला आले होते. पानं माझ्याकडून हरवली, मूळ निबंध द्या, मी पुन्हा छापून घेतो, पुस्तक वेळेवर देतो. हे सांगताना ते म्हणाले की तो निबंध माझ्या नातीचाच आहे. त्यावर भाषेच्या बाई चमकल्या. त्यांनी विचारलं, म्हणजे आईकडचे आजोबा का? आजोबा म्हणाले, नाही, आईकडचे तिच्या जन्माआधीच गेले, मी वडिलांकडचा. दोघी बाई एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मुंगीला बोलावलं.

"हे तुझे आजोबा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

आजोबा तिच्याकडे बघून हसले. आपली ओळख पटवायला नात आली म्हणून ते हसले.

मुंगी म्हणाली, "चुलत आजोबा. आजोबांचे धाकटे भाऊ. मी यांनाही आजोबाच म्हणते."

आजोबांचं हसू लगेच गेलं नाही, ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. त्यांनी भाषेच्या बाईंकडे पाहिलं. बाई अपराधी आवाजात म्हणाल्या, माफ करा, तिच्या निबंधात आजोबांच्या जाण्याबद्दल वाचलं होतं, म्हणून गोंधळ झाला.

आजोबांना काय कळलं आणि किती कळलं, ते मुंगीला दिसत होतं. तिला वाटलं आता ते उठतील. ते उठले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "थोरला गेला. मी धाकटा."

"तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं," बाई म्हणाल्या.

"बरा माणूस होता," आजोबा म्हणाले. "थोडा गर्विष्ठ होता, पण बरा होता."

मोठ्या बाईंनी कपाटातून मूळ निबंध काढून त्यांना दिला. त्यांनी तो न बघता पिशवीत ठेवला, नमस्कार केला आणि निघाले. दारापाशी मुंगी उभी होती. तिच्या बाजूने जाताना त्यांनी तिला धक्का लागू नये म्हणून अंग चोरलं, जसं माणूस परक्या बाईमाणसाशेजारून जाताना चोरतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे मुंगीला तेव्हा कळलं. मेले होते ते, आणि झालं होतं तिला.

शाळा सुटल्यावर ती दुकानाच्या रस्त्याला लागली, परत फिरली, पुन्हा लागली. शेवटी पोचली तेव्हा आजोबा टेबलापाशी उभे राहून पुठ्ठे कापत होते. निबंध टेबलावर होता. आत्याचं तोंड लाल झालं होतं, पण ती काही बोलली नाही. आजोबांनी तिला आधीच गप्प केलं असावं.

"वाचला," आजोबा म्हणाले. "अक्षर चांगलं आहे."

मुंगी उभी राहिली.

"तू डॉक्टर हो, असं मी कधी म्हटलं तुला?"

"नाही."

"मग तुला व्हायचंय का?"

"माहीत नाही."

"काय व्हायचंय?"

"माहीत नाही, आजोबा. मला खरंच काही माहीत नाही."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मग एवढंच लिहायचं होतंस. मला मारायची काय गरज होती?" पण ते रागाने म्हणाले नाहीत. उलट थोडं हसूनच म्हणाले, आणि पुढे असंही म्हणाले की खेड्यात तीन दिवस ताप म्हणजे मरण जरा स्वस्तातलं दिलंस, निदान शहरातल्या दवाखान्यात तरी न्यायचंस. आत्या म्हणाली, दादा, हसताय काय. ते म्हणाले, मग काय करू, मेलेल्या माणसाने रडायचं असतं का?

आणि मग म्हणाले, "ते राहू दे. मला ती पानं सापडत नाहीत याचंच जास्त लागलंय. शेवटी तू म्हणतेस तेच खरं, आता मी संपलोच."

इथे मुंगीला गप्प राहता आलं असतं. निबंधाचं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. कागद गादीखाली होते, ते कधीतरी जाळून टाकता आले असते. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती, आणि आजोबा पुढच्या आठवड्यात डॉक्टरांसमोर बसून, आज कुठला वार, हाताला बोटं किती, अशा प्रश्नांची उत्तरं देत बसले असते. पुढे पुष्कळ वर्षांनी तिने सांगितलं की ती खरं बोलली ती चांगुलपणाने नाही. ती बोलली कारण तिला समोर दिसलं की आजोबा उजव्या हाताने पुठ्ठा धरतायत आणि डावा हात त्या हातावर ठेवतायत, तो थरथरतोय की काय हे बघायला.

"तुम्ही हरवली नाहीत," ती म्हणाली. "मी नेली. मंगळवारी. घरी आहेत."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "कोणती?"

"पंचवीस ते अठ्ठावीस."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आजोबांचा चेहरा आधी मोकळा झाला, अगदी स्वच्छ मोकळा, कारण त्यांचं डोकं शाबूत होतं हे त्यांना कळलं. आणि मग तो असा बंद झाला की मुंगीने तसा तो पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"मी मेलो ते चाललं," ते म्हणाले. "ते तुला बक्षिसासाठी लागलं, ठीक आहे. पण मी तीन दिवस या खोलीत रांगतोय. माझ्या शेजारी तूही रांगत होतीस."

"हो."

"मी तुझी माफी मागितली."

"हो."

त्यांनी पुन्हा पट्टी उचलली आणि पुठ्ठा कापायला घेतला. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, शनिवारी नाही, रविवारी जेवायला सगळे एकत्र होते तेव्हाही नाही. मुंगीने कागदांची थप्पी आणून टेबलावर ठेवली, ती त्यांनी मोजली, चाळीस भरली, आणि बाजूला ठेवून दिली. आईवडिलांना आत्याने सांगितलं. वडील फार रागावले, आईने कोणाकडेच बघितलं नाही. बहुधा तिला पाहुण्यांना सांगितलेलं आपलंच वाक्य आठवत असावं.

सोमवारी मुंगी मोठ्या बाईंकडे गेली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आजोबा जिवंत आहेत, शुक्रवारी आले ते तेच, पानं तिनेच चोरली होती. मोठ्या बाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. सगळं ऐकून म्हणाल्या की बक्षीस परत घ्यावं लागेल, ते दुसऱ्या नंबरच्या मुलीला जाईल, आणि का ते वर्गाला सांगावं लागेल. मुंगी हो म्हणाली. मग त्या म्हणाल्या, पुस्तकात तुझ्या चार पानांची जागा आहे, पुढचे आकडे छापून झालेत. बक्षीस नाही, गुण नाहीत. चार दिवसांत खरं काय ते लिहून आण, छापायचं की नाही ते वाचून ठरवू.

भाषेच्या बाई बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. मुंगी त्यांच्यापुढे जाऊन थांबली.

"वर्गात वाचताना मी रडले होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या आजोबांसाठी नाही. माझे वडील गेले त्याला तेव्हा दोन महिने झाले होते." आणि त्या वर्गाकडे निघून गेल्या. वर्ष संपेपर्यंत त्यांनी मुंगीची वही तपासली, प्रश्न विचारले, उत्तर बरोबर आलं तर बरोबर म्हटलं. डोक्यावर हात पुन्हा ठेवला नाही.

वर्गात व्हायचं ते झालं. मुलं विचारायची, आजोबा कसे आहेत, आज कितव्यांदा गेले? बाकावरची मैत्रीण काही बोलली नाही. खिडकीकडची जागा मुंगीने आपण होऊन तिला परत दिली आणि तिने ती घेतली.

नवा निबंध लिहायला मुंगीला चारही दिवस लागले. जुन्या प्रश्नपत्रिका या वेळी उपयोगाच्या नव्हत्या. शेवटी तिने जे लिहिलं ते साधारण असं होतं.

"मी का शिकते हे मला नीट सांगता येत नाही. मला पहिलं यायला आवडतं. गेल्या वर्षी पाठ केलेलं मला यंदा आठवत नाही. एकदा आत्याने विचारलं होतं की पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद चिकटवला तर तो वाळल्यावर वाकतो, असं का? मला विज्ञानात चौऱ्याण्णव गुण होते आणि मला सांगता आलं नाही. मग मी शोधून काढलं. खळीने कागद ओला होऊन पसरतो आणि वाळताना आवळतो, म्हणून तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दुसऱ्या बाजूनेही कागद लावला तर पुठ्ठा सरळ राहतो. आजोबा हे पंचेचाळीस वर्षं करतायत. याला परीक्षेत गुण नव्हते, पण एवढं एक मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. अशा गोष्टी माझ्याकडे फार थोड्या आहेत. पुढे काय व्हायचं ते मला माहीत नाही. मी डॉक्टर होणार असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. माझे आजोबा जिवंत आहेत. मी त्यांना फार वाईट वागवलं."

चार पानांची जागा होती आणि एक पानही धड भरलं नाही. मोठ्या बाईंनी वाचलं, 'फार वाईट वागवलं' या शब्दांपाशी थांबल्या, मुंगीला वाटलं त्या काही खोडतील, पण त्यांनी कागद तसाच छापायला दिला. उरलेली तीन पानं कोरीच राहिली.

छापलेले चाळीस कागद दुकानात आले. आजोबांनी पुस्तकं बांधली, कापडी बांधली. बांधून झाल्यावर एक प्रत घेऊन ते खुर्चीवर बसले आणि चष्मा लावून त्यांनी पहिल्यापासून सगळे निबंध वाचले. मुंगी स्टुलावर बसून होती. सातव्यापाशी ते फार वेळ थांबले नाहीत, कारण तो लहान होता. भित्रेपणावरचा मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि आत्याला म्हणाले, ही पोरगी चांगली लिहिते.

मग पुस्तक मिटून ते मुंगीला म्हणाले, "आवळतो ते बरोबर. पण कागदाचे तंतू कोणत्या अंगाने धावतात, म्हणजे त्याची धार, त्यावरही असतं. उभी धार आडवी लावली तर दोन्हीकडून चिकटवूनही वाकतो. उद्या दाखवतो." पंधरा दिवसांनी ते तिच्याशी बोलले ते हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखवलं. तिला कळलं नाही, मग पुन्हा दाखवलं. डॉक्टरांची वेळ आत्याने आधीच रद्द केली होती.

शाळा संपली तेव्हा पुढच्या प्रवेशाच्या अर्जावर 'भावी उद्दिष्ट' अशी एक ओळ होती. मुंगीने तिथे 'अजून ठरलेलं नाही' असं लिहिलं. खिडकीमागचा कारकून म्हणाला, काहीतरी लिहा हो, कोण तपासतंय. ती म्हणाली, राहू दे. आई शेजारीच उभी होती, ती काही बोलली नाही.

दुकानात ती पूर्वीसारखी येत राहिली. हात रिकामा असेल तर आजोबा तिच्यापुढे एखादी थप्पी सरकवत आणि ती मोजून देई. आकडा सांगितला की ते मान हलवत, थप्पी आपल्याकडे ओढून घेत आणि अंगठ्याने कडा सोडत एकदा स्वतः मोजत. पूर्वी ते तसं करत नसत. यात टोमणा नव्हता, ते मुद्दाम तिच्यासमोरही करत नसत, आणि तिच्या पाठीमागेही करत नसत. ती दुसऱ्या कामाला लागायची आणि तिच्या कानावर कागदांची फडफड येत राहायची, एकोणचाळीस, चाळीस. मग ते थप्पी खाली ठेवत आणि म्हणत, बरोबर आहे.